काळा झगा, तांबडा झगा

खिडकीपाशी जाऊन आईनं सरळ हात पुढे केला आणि म्हणाली, "ब्रेड, प्लीज." घसा खाकरणं नाही, माझ्याकडे वळून बघणं नाही, ओशाळं हसणं नाही. मी तिच्या मागे पर्स अर्धवट उघडून उभी होते आणि भिंतीवरची पाटी वाचायची मला एकाएकी फार निकड वाटायला लागली. खिडकीतल्या माणसानं मान डोलावली, आत वळला आणि ब्रेडचा तुकडा आणि एक इवलासा पेला घेऊन आला. पेल्यात घोटभर बिअर. आईनं ब्रेड कपाळाला लावला आणि तिथेच उभ्या उभ्या खाल्ला. पेल्याचा वास घेतला आणि तो काही न बोलता माझ्या हातात दिला. म्हणजे मागितलं तिनं आणि प्यायले मी.

ही खिडकी इंग्लंडमधल्या विंचेस्टर गावाच्या दक्षिण टोकाला, सेंट क्रॉसच्या दरवाज्यात आहे. नाव हॉस्पिटल ऑफ सेंट क्रॉस, पण तिथे औषधपाणी चालत नाही. बाराव्या शतकापासून वृद्ध, गरजू पुरुषांना आसरा देणारी ती एक धर्मादाय संस्था आहे. दारात आलेला कुठलाही वाटसरू मागेल तर त्याला बिअर आणि ब्रेड द्यायचा, असा तिथला जुना रिवाज. त्याला 'वेफेअरर्स डोल' म्हणतात. अट एकच, तोंडानं मागायला हवं. मागितलं नाही तर कुणी आपणहून आणून देत नाही. हे आईला मीच सकाळी गाडीत सांगितलं होतं, एक गंमत म्हणून. तिनं ते गंमत म्हणून ऐकलंच नव्हतं, हे मला त्या खिडकीपाशी कळलं.

मला लाज कशाची वाटली, हे मात्र अजून नीट कळलेलं नाही.

तसा तो दिवस साधाच होता. आई सातारहून उन्हाळ्यापुरती आमच्याकडे बेसिंगस्टोकला आलेली. लंडन बघून झालं होतं, म्हणजे तिच्या भाषेत 'जिने बघून झाले होते'. गुडघ्यांनी साफ सांगितलं होतं की आता चढण नको. विंचेस्टर गाडीनं अगदी जवळ आणि एकदा दरीच्या तळाशी उतरलं की सगळं सपाट. कॅथीड्रल, त्यामागचं जुनं आवार, नदीकाठची कुरणं आणि शेवटी सेंट क्रॉस. मैल-दीड मैलाची वाट, अधूनमधून बाक. पाऊस येणार होता, पण जुलैत इंग्लंडमध्ये पाऊस येणार नसेल तर ती बातमी होते.

लिंबाच्या झाडांच्या रांगेतून (आपला लिंब नव्हे, इथला लाइम, त्याच्या फुलांना मधासारखा वास येतो) कॅथीड्रल समोर आलं, तेव्हा आई म्हणाली, "हे तर आडवंच पसरलंय." बरोबर होतं. कॅथीड्रल म्हटलं की आभाळात घुसलेला मनोरा डोळ्यांसमोर येतो. इथे १७० मीटर लांबीची एक राखाडी इमारत शांतपणे पाय लांब करून बसली आहे आणि मधोमध बुटका, चौकोनी बुरूज. १०७९ साली नॉर्मन बिशप वॉकलिननं काम सुरू केलं. पहिला बुरूज ११०७ मध्ये कोसळला. त्याच्या आधी सात वर्षं, शिकारीत बाण लागून मेलेला राजा विल्यम रूफस त्याच्याखाली पुरलेला. तेव्हा लोकांनी लगेच अर्थ लावला की पापी माणसाला देवानं पोटात ठेवून घेतलं नाही. खरं कारण जमिनीत होतं. हे सगळं गाव इचेन नदीच्या ओल्या काठावर बसलंय आणि कॅथीड्रलच्या पायाखाली पीट आहे, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींचा भुसभुशीत, काळा थर. त्याच्याही खाली पाणी. तळघरात हिवाळ्यात अजूनही पाणी भरतं. अँटनी गॉर्मलीचा एक पुतळा तिथे खाली एकटा उभा आहे, ओंजळीत बघत. आम्ही गेलो तेव्हा त्याच्या पायाशी कोरडी फरशी होती आणि तो जरा बावळट दिसत होता. पुतळा पाण्यासाठी केलेला, आणि पाणी नाही.

या पायाचीच गोष्ट मला विंचेस्टरमधली सगळ्यात आवडती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भिंतींना इतक्या मोठ्या भेगा पडल्या की सगळा पूर्व भाग खचणार असं दिसायला लागलं. पायाखालचा पीट खणून काढून खालच्या पक्क्या खडीपर्यंत जायचं आणि तिथून नवा आधार बांधत वर यायचं, असं ठरलं. पण खणलं की खड्ड्यात पाणी. पंप लावून उपसावं तर पाण्याबरोबर वाळू-मातीही निघून येणार आणि भिंत आणखी बसणार. तेव्हा फ्रान्सिस फॉक्स नावाच्या इंजिनिअरनं पाणबुड्या बोलवायचं सुचवलं. विल्यम वॉकर १९०६ ते १९११ या खड्ड्यांत उतरत राहिला. वीस फुटांपर्यंत खोल पाणी, इतकं गढूळ की दिव्याचाही उपयोग नाही. रोज सुमारे सहा तास, सगळं काम हातांनी चाचपडत. तो काँक्रीटच्या पिशव्या तळाला रचून पाण्याची वाट बंद करायचा, मग पाणी उपसता यायचं आणि गवंडी उतरायचे. पंचवीस हजारांवर पिशव्या आणि सुमारे नऊ लाख विटा या कामी लागल्या. पोशाख एवढा जड आणि घालायला इतका किचकट की जेवायच्या सुट्टीत तो फक्त डोक्यावरचं शिरस्त्राण काढायचा आणि तसाच बसून पाइप ओढायचा. मी हे सांगत होते आणि आई मान हलवत होती. "आमच्या गावाला विहिरीचा गाळ काढायला माणसं यायची ना, तसाच," ती म्हणाली. "त्यांनाही वरूनच भाकरी सोडायचे."

यातली पुढची गोष्ट तिला आणखी आवडली. वॉकरचा पुतळा करून घेतला १९६४ साली, तो मरून पंचेचाळीसहून अधिक वर्षं झाल्यावर. शिल्पकाराला एक जुना फोटो दिला होता आणि त्यातला भलताच माणूस वॉकर म्हणून धरला गेला. पुतळ्याला चेहरा आला तो इंजिनिअर फॉक्सचा. पाणबुड्याच्या पोशाखात साहेब! हे उघड माहीत झाल्यावरही साहेब बरीच वर्षं तिथेच होते. खऱ्या वॉकरचा चेहरा असलेला पुतळा २००१ मध्ये आला. आई त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "चुकून का होईना, नेहमी साहेबाचाच कसा बसतो गं? साहेबाच्या पुतळ्याला मजुराचा चेहरा कधी बसला नाही."

पश्चिमेच्या खिडकीपाशी ती यापेक्षा जास्त थांबली. १६४२ मध्ये, राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवीत, पार्लमेंटच्या सैनिकांनी तिथली रंगीत काच फोडली. राजांच्या हाडांच्या पेट्याही उपसल्या आणि ती हाडं फेकून काचा फोडल्या, असं सांगतात. गावकऱ्यांनी तुकडे गोळा करून ठेवले होते. राजेशाही परत आल्यावर ते तुकडे जुन्या चित्राचा नाद सोडून, मिळतील तसे जोडून पुन्हा बसवले. दुरून बघितलं तर नुसता रंगांचा गलबला. जवळून एखादा हात, एखादी दाढी, कुणाचा तरी अर्धा मुकुट. हाडांचंही तसंच. पेट्यांवर राजांची नावं आहेत, आणि आत कोण कुणात मिसळलंय ते शोधायचं काम आताच्या शास्त्रज्ञांकडे. तपासणीत तेवीसेक माणसांची हाडं निघाली; पेट्यांवरच्या नावांपेक्षा जास्त.

बाहेर आलो तर भुरभुर सुरू झालेली. कॅथीड्रलच्या उत्तरेला गवतात विटांनी आखलेल्या रेघा आहेत. त्या जागी आधीचं, नॉर्मन लोक येण्यापूर्वीच्या सॅक्सन काळातलं चर्च होतं, आणि तिथे बिशप स्विदनला पुरलं होतं. नवव्या शतकातला माणूस. त्यानं सांगून ठेवलं होतं म्हणे, की मला आत नको, बाहेर पुरा, जिथे माझ्यावर पाऊस पडेल आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय पडतील. शंभरेक वर्षं त्याचं ऐकलं लोकांनी. मग तो संत झाला, आणि संताला उघड्यावर कसं ठेवायचं, म्हणून १५ जुलै ९७१ रोजी वाजतगाजत आत नेला. स्विदन चिडला आणि पाऊस कोसळला, अशी कथा. तेव्हापासून १५ जुलैला पाऊस झाला तर पुढे चाळीस दिवस होतो, असा इंग्लंडभर समज. आईनं बोटांवर हिशोब केला. "म्हणजे पुनर्वसू चालू. तरणा पाऊस." मग छत्री उघडत म्हणाली, "पुढे पुष्य, म्हातारा पाऊस. त्यांचे चाळीस दिवस आणि आपला तरणा-म्हातारा काही फार लांब नाही." मी हवामानखात्याच्या नोंदींनी हा समज कधीच खरा ठरवलेला नाही, असं म्हणणार होते. म्हटलं नाही. म्हातारा पावसानं तरी कुठे कधी हिशोब दिलाय?

कॅथीड्रलच्या आवारातून किंग्जगेटकडे जाताना जुन्या लाकडी चौकटीची घरं लागतात आणि वेशीवरच, कमानीच्या डोक्यावर, एक चिमुकलं चर्च आहे, तेही स्विदनच्याच नावाचं. वेशीबाहेर डावीकडे वळलं की कॉलेज स्ट्रीट. तिथल्या आठ नंबरच्या घरात जेन ऑस्टेननं आयुष्याचे शेवटचे आठ आठवडे काढले. उपचारांसाठी बहिणीला घेऊन आली होती, मे १८१७ मध्ये. स्विदनच्या दिवशी, १५ जुलैला, तिनं अंथरुणावरून एक थट्टेचं पद्य सांगून लिहवून घेतलं. विंचेस्टरचे लोक घोड्यांच्या शर्यतींच्या नादात स्विदनला विसरले, आणि तो चिडून पावसाचा शाप देतो, असं काहीतरी. तिसऱ्या दिवशी ती गेली. एकेचाळीस वर्षांची. कॅथीड्रलमधल्या तिच्या फरशीवर तिचा स्वभाव, तिची श्रद्धा, तिची सहनशीलता सगळं आहे. ती कादंबऱ्या लिहायची, हे नाही. ते सांगणारी पितळी पाटी शेजारच्या भिंतीवर १८७२ मध्ये लागली. पण मला त्या घरासमोर आठवते ती बहीण, कसँड्रा. बायकांनी दफनाला जायची रीत नव्हती. तिनं पत्रात लिहिलंय की ती छोटी मिरवणूक रस्त्याच्या टोकापर्यंत बघत राहिले आणि वळली तशी दिसेनाशी झाली. हे ऐकून आई नुसती त्या खिडकीकडे बघत होती. बाबा गेले तेव्हा तीही दारापर्यंतच आली होती. आम्ही दोघींनी त्यावर काही बोलणं केलं नाही. पलीकडच्या फुटपाथवर एक बाई कुत्र्याला घेऊन पाऊस थांबायची वाट बघत होती.

पुढे उजव्या हाताला विंचेस्टर कॉलेज. १३८२ पासूनची शाळा. ऋषी सुनक तिथलेच, हे आईला वर्तमानपत्रातून माहीत होतं. १९४३ ते ४७ आपल्याकडे व्हाइसरॉय असलेले वेव्हल तिथे आत पुरलेले आहेत, हे तिला मी सांगितलं आणि तिनं 'असू दे' अशा अर्थी हात हलवला.

मग कुरणं. इथे वाट खरोखरच सोपी होते. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला गवत. इचेन चुनखडीच्या टेकड्यांतून झिरपलेल्या पाण्याची नदी आहे. त्यामुळे ती नितळ असते, बारमाही थंड असते आणि गडबड करत नाही. तळाशी लांबच लांब हिरवं शेवाळ एकाच दिशेला विंचरल्यासारखं पडलेलं, त्यावर ट्राउट मासा जागच्या जागी पोहत असतो, शेपूट हलवत, कुठेच न जाता. ओल्या गवताचा, पुदिन्यासारख्या कसल्यातरी पानाचा आणि शेणाचा वास. आईनं शेणाचा वास छाती भरून घेतला. "इथलं पहिलं ओळखीचं," म्हणाली. १८१९ च्या उन्हाळ्याच्या शेवटी कवी कीट्स याच वाटेनं फिरायला यायचा. कॅथीड्रलसमोरून, आवारातून, कॉलेज स्ट्रीटनं, कुरणातून सेंट क्रॉसपर्यंत. भावाला लिहिलेल्या पत्रात त्यानं हा रस्ता वळणावळणानं सांगितलाय. तेव्हा त्याच्याकडे पैसे नव्हते, भाऊ अमेरिकेत बुडाला होता, उसनवारी चालली होती. अशात कापणी झालेली उघडी शेतं त्याला वसंतातल्या हिरवळीपेक्षा उबदार वाटली आणि त्यातून त्याची शरदावरची कविता आली. इथे फिरायला येणारे ती कविता म्हणतात. उसनवारीचं कुणी काढत नाही.

आणि मग झाडांमागे सेंट क्रॉसची उंच धुराडी दिसायला लागतात.

११३० च्या दशकात बिशप हेन्री ऑफ ब्लुआनं ही संस्था काढली. इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन राजाचा, विल्यम द कॉन्कररचा नातू, राजा स्टीफनचा भाऊ, अफाट श्रीमंत माणूस. तेरा अगदी निराधार पुरुषांनी इथे राहायचं आणि शिवाय दारावर आलेल्या शंभर गरिबांना रोज जेवण, अशी व्यवस्था. राहणाऱ्यांना 'ब्रदर' म्हणतात, काळा झगा आणि त्यावर चांदीचा क्रूस. तीनशे वर्षांनी, १४४५ च्या सुमारास, कार्डिनल बोफर्टनं दुसरी सोय जोडली. तिचं नाव 'नोबल पॉव्हर्टी'. चांगल्या घराण्यातले, पूर्वी सुस्थितीत असलेले आणि मग दिवस फिरलेले, त्यांच्यासाठी. त्यांचा झगा तांबडा. आजही दोन्ही रंग आहेत. आम्ही आतल्या चौकात उभ्या होतो तेव्हा हिरवळीच्या कडेनं एक काळ्या झग्यातले आजोबा हातात दुधाची पिशवी घेऊन चालले होते आणि त्यांच्या मागून एक तांबडे. दोघं हवेबद्दल काहीतरी बोलले आणि आपापल्या दारात शिरले. आज त्या रंगांमागे कोणी कुळ शोधत नाही, हे उघड आहे. पण पंधराव्या शतकात कुणाला तरी वाटलं की मुळातला गरीब आणि गरीब झालेला, हे दोघं एका रंगात दिसता कामा नयेत. दगडाच्या त्या सुंदर चौकात मला तेवढीच एक गोष्ट खुपली.

आणखी एक गोष्ट तिथे ठळकपणे सांगत नाहीत, पण ती नोंदलेली आहे. १८०८ मध्ये बिशप ब्राउनलो नॉर्थनं आपल्या मुलालाच, फ्रान्सिस नॉर्थला, संस्थेचा मास्टर, म्हणजे प्रमुख, नेमलं. तो पुढे अर्ल ऑफ गिल्फर्ड झाला आणि संस्थेच्या जमिनींचं भरघोस उत्पन्न चार दशकांहून अधिक काळ स्वतःकडे वळवत राहिला. ब्रदर मंडळींना ठरलेलं तेवढंच. शेवटी प्रकरण कोर्टात गेलं, १८५३ मध्ये निकाल विरुद्ध गेला, १८५५ मध्ये तो पायउतार झाला. म्हणजे सेंट क्रॉसमधून सगळ्यात जास्त ज्यानं नेलं, त्याला एकदाही खिडकीपाशी उभं राहून मागावं लागलं नाही.

आईला मागायची लाज का वाटली नाही, याचं अर्धं उत्तर मला माहीत आहे. ती नवरात्रात जोगवा मागत मोठी झाली. परडी घेऊन पाच घरं, ओळखीची-अनोळखीची, आणि जे मिळेल ते. तिच्या आईनं मागितला, आजीनं मागितला. देवीच्या नावानं हात पुढे करण्यात कमीपणा तर नाहीच, उलट न मागण्यात गर्व. आणि उरलेलं अर्धं उत्तर माझे आजोबा. तिचे वडील राजापूरकडून १९३० च्या दशकात पुण्याला शिकायला आले आणि वार लावून जेवले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात वार, सात घरं. आजोबांना पुढे आयुष्यभर त्या माणसांची आडनावं कमी आणि वार जास्त आठवायचे. लग्नाच्या पंगतीत ते एकदम म्हणायचे, "तो बघ, बुधवारांचा नातू." गुरुवारच्या घरी कायम दोडक्याची भाजी असायची, आजोबा नव्वदीत गेले तोवर आमच्या घरात दोडका शिजला नाही. आणि शनिवारच्या घरी पान आत न मांडता ओसरीवर मांडायचे. त्याबद्दल ते एवढंच म्हणायचे की तिथे वारा छान यायचा.

लहानपणी ही मला नुसती गोष्ट वाटायची, गरिबीतून वर आलेल्या माणसाची. आता त्यातला झगा दिसतो. वार लावायला मुलगा हुशार असून भागत नसे, तो कुठल्या जातीतला आहे हे आधी बघत. त्याला 'विद्यार्थी' म्हणत. त्याच पेठेत, त्याच वर्षी, तितकाच हुशार आणि तितकाच भुकेला दुसरा कुणी दारात उभा राहिला असता तर त्याला ओसरीसुद्धा मिळाली नसती. तो वारा त्याच्यासाठी नव्हता. आजोबांचं मागणं तांबड्या झग्यातलं होतं. मी हे आईला चौकातल्या बाकावर बसून सांगितलं. मला वाटलं ती चिडेल. ती म्हणाली, "हो, ते होतंच." मग थोड्या वेळानं, "पण त्यांना शनिवारी भूक काही कमी लागायची नाही."

माझ्या लाजेचा उगम मात्र मला सातारला किंवा राजापूरला सापडत नाही. तो बहुतेक इथलाच आहे. मी या देशात आले तेव्हा हातात जे कार्ड पडलं, त्यावर माझ्या फोटोजवळ छापलेलं होतं, 'नो पब्लिक फंड्स'. म्हणजे राहा, काम करा, कर भरा. सरकारी मदत मागू नका. नियम म्हणून तो मला तेव्हा अन्यायाचा वाटला नव्हता, अजूनही फारसा वाटत नाही. आम्ही मागायला आलोच नव्हतो. पण तो नियम कार्डावरून हळूहळू अंगात उतरतो. दवाखान्यात दुसरी शंका विचारताना आवाज खाली येतो. कुणी काही फुकट देऊ केलं की आधी हात पर्सकडे जातो. पुढे नागरिकत्व आलं, ती कार्डंही बंद होऊन आता सगळं ऑनलाइन झालं, तरी पर्सकडे जाणारा हात तसाच राहिला. सुपरमार्केटच्या दाराशी फूड बँकेची टोपली असते, त्यात मी दर आठवड्याला काहीतरी टाकते, डाळीचे डबे, पास्ता, आणि टाकताना बरं वाटतं. तिथून घेणाऱ्याला बऱ्याच ठिकाणी डॉक्टरची, शाळेची किंवा सल्ला केंद्राची चिठ्ठी आणावी लागते. भुकेला पुरावा. सेंट क्रॉसच्या खिडकीत कुणी आईचा पुरावा मागितला नाही. आत फिरायचं तिकीट वेगळं असतं, ते मी काढलं होतंच, आणि ते काढताना मी फार मोकळी होते. पैसे देणारी बाई कुणाच्याही नजरेला नजर देऊ शकते.

अर्थात हेही खरं की दोन घोट बिअर आणि घासभर ब्रेड यानं कुणाची भूक भागत नाही. आता तो रिवाज आहे, पर्यटकांसाठी जपलेला, फोटो काढण्यासारखा. शंभर जणांचं जेवण कधीच संपलं. एका प्रथेचा एवढासा तुकडा ठेवून बाकीची संस्था शहाणपणानं चालवायची, हे इंग्रजांना छान जमतं. मी हे जरा तावातावानंच बोलले. आईनं विचारलं, "उद्या परत आलं तर परत देतात का, त्याच माणसाला?" मी म्हटलं, देत असतील, नाव कुठे लिहून घेतलं त्यांनी. "मग ठीक आहे," ती म्हणाली. तिच्यापुरता प्रश्न तिथे मिटला.

परतताना बस केली. किंग आल्फ्रेडचा पुतळा, जुनी पाणचक्की, ग्रेट हॉलमधलं ते आर्थर राजाचं म्हणून दाखवतात ते गोल टेबल (ते तेराव्या शतकातलं, त्यावरची रंगरंगोटी आठव्या हेन्रीची) यातलं काही झालं नाही. गुडघे थकले होते आणि खरं सांगायचं तर मीही.

रात्री आईनं सांगलीला मामाला फोन लावला आणि खिडकीची गोष्ट रंगवून सांगितली. त्यावरून आजोबांच्या वारांचा विषय निघाला आणि दोघांत जुंपली. नोकरी लागल्यावर आजोबा दर दिवाळीला त्या घरांना मनिऑर्डर पाठवायचे, एवढं दोघांनाही मान्य. आईचं म्हणणं, सातही घरांना. मामाचं म्हणणं, सहाच. त्याच्याकडे पावत्यांचा गठ्ठा आहे. तो उठून कपाट उघडून बसला आणि फोनवरून आडनावं वाचायला लागला. सहा निघाली. पण पावत्यांवर आडनावं, आणि आईच्या डोक्यात वार. कोण कुठला, हे दोघांनाही लावता येईना. आई म्हणते, राहिलेलं घर शनिवारचं असणार. मामा ठामपणे म्हणतो, गुरुवारचं, आणि त्याच्या बाजूनं त्याच्याकडे दोडक्याखेरीज दुसरा पुरावा नाही.